सायकल जोडली, पण वाटीत एक वायसर उरलाच! या चुका टाळा

चाक बसलं, चेन चढली, ब्रेकही लागतोय. हात धुवायला उठावं, तर सुटे भाग धुतलेल्या डिझेलच्या काळ्या वाटीत तळाशी एक वायसर पडलेला. तो चिमटीत धरून आपण एकदा चाकाकडे बघतो, एकदा हँडलकडे बघतो आणि मनाची समजूत घालतो, "सायकल चालतेय ना? मग हा जास्तीचाच असणार."

पहिली चूक इथेच होते. साध्या सायकलीत कारखानदार जास्तीचं काही घालत नाही. एकेका वायसरचे पैसे वाचवणारा धंदा आहे तो. याला एक अपवाद आहे, पण तो शेवटी सांगतो.

मीही ही चूक केली आहे. बाबांची काळी २२ इंची सायकल पहिल्यांदा खोलली, तेव्हा एक पातळ वायसर उरला. तो डब्यात टाकून मी मोकळा झालो. पुढचे तीन आठवडे हँडलने छळलं. वरचा नट आवळला की हँडल जड व्हायचं, जरा सैल केला की खड्ड्यात खडखडायचं. शेवटी सायकल मार्टच्या काकांकडे गेलो. त्यांनी सायकलला हातही लावला नाही. वायसर उलटा करून म्हणाले, "अहो, याचा दात नाही का बघितला?"

आतल्या कडेला खरंच एक बारीक दात होता. चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) नळी वर हँडलपाशी येते, तिथे तिला एक उभी खाच असते. दात त्या खाचेत बसतो, त्यामुळे वायसर फिरू शकत नाही. तो नसेल तर वरचा नट आवळताना खालचा कपही सोबत फिरतो आणि त्यातले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, दाबले जातात. तीन आठवड्यांचं कोडं तेवढ्या दातात होतं.

"हे काय आहे?" हा प्रश्न आधी विचारू नका

उरलेला भाग काय आहे, यापेक्षा त्याच्यावर काय घासत होतं हे आधी बघा. पण तो घासून चकचकीत करू नका, ही दुसरी चूक. मळ हाच पुरावा असतो. पिवळट जुनं ग्रीस चिकटलेलं असेल तर तो बेअरिंगच्या आतला. नुसती धूळ आणि गंज असेल तर बाहेरचा. एकाच बाजूला चकाकणारी गोल रेघ असेल तर त्या बाजूला नट फिरत होता. दोन्ही बाजू दबलेल्या पण न घासलेल्या असतील तर तो दोन स्थिर भागांच्या मध्ये होता.

मग भोक तपासा. जुन्या धाटणीच्या साध्या काळ्या सायकलीत पुढचा एक्सल (चाकाच्या मधली दांडी) मागच्यापेक्षा बारीक असतो. त्यामुळे पुढच्या एक्सलवर घट्ट बसणारा वायसर मागच्यावर चढतच नाही. या एका चाचणीत अर्धे संशयित गळतात.

दात आतल्या कडेला नसून बाहेरच्या कडेला आकड्यासारखा वाकवलेला असेल, तर तो पुढच्या चाकाचा. तो आकडा चिमट्याच्या टोकाजवळच्या भोकात अडकतो. चाकाचे नट सैल झाले तरी चाक निसटू नये, एवढ्याचसाठी तो असतो. त्याच्याशिवायही सायकल छान चालते, म्हणून तो हमखास "जास्तीचा" ठरतो. हा मात्र बसवल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

जाड, बांगडीसारखी कडी उरली असेल तर मागच्या चाकाची उजवी बाजू बघा. ती नसेल तर फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) फ्रेमला घासतं किंवा चाक मधोमध बसत नाही. गिअरच्या नव्या सायकलीत शंकूसारख्या दोन बारीक स्प्रिंगा उरतात. त्या झटपट उघडणाऱ्या एक्सलच्या. निमुळती टोकं आत, चाकाकडे. खोलगट आणि फुगीर वायसरांची जोडी ब्रेकच्या रबराची. त्यात जाड-पातळ अशी अदलाबदल झाली तर रबर रिमवर नीट टेकत नाही.

छर्रे: सगळ्यात मोठा घोळ

सगळे छर्रे एकाच वाटीत धुणं ही तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. वरवर बघता सगळे सारखेच वाटतात. पण सायकलचे छर्रे अजून इंचातच चालतात आणि जुने मिस्त्री ते सुतात मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

साधारण हिशोब असा. मागच्या चाकात दोन सुताचे, म्हणजे पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला ९. पुढच्या चाकात दीड सुताचे, प्रत्येक बाजूला १०. पायडलचे दांडे ज्या एक्सलवर बसतात तिथे पुन्हा दोन सुताचे, सुटे असतील तर प्रत्येक बाजूला ११. जाळीत बसवलेले असतील तर कमी. पायडलमध्ये बहुधा सव्वा सुताचे. वाटीत एक सुताचा, अगदी बारीक छर्रा दिसला तर फ्रीव्हीलवर संशय घ्या आणि ते का उघडलं याबद्दल स्वतःला चार शब्द सुनावा.

व्हर्नियर कॅलिपर असेल तर काम सोपं होतं: दोन सूत ६.३५ मिलिमीटर, दीड सूत ४.७६, सव्वा सूत ३.९७. नसेल तर ज्या छर्‍याची जागा नक्की माहीत आहे, त्याच्या शेजारी काचेवर ठेवून बघा.

उरलेला छर्रा "बसतोय तर बसवू" म्हणून कोंबू नका. कप गोल भरून झाल्यावर साधारण एका छर्‍याएवढी फट राहायला हवी. एक जास्त घातला की ते एकमेकांवर चढतात, कोन (छर्‍यांवर टेकणारा शंकूसारखा नट) नीट टेकत नाही आणि चाक फिरताना हाताला खरखर लागते. जवळच्या मापाचा एखादा मिसळला तर सगळा भार त्या मोठ्यावर येतो. नवे घ्यायचेच तर त्या कपचे सगळे एकदम बदला. फार पैसे लागत नाहीत.

पुढच्या वेळी इडलीपात्राची जुनी ताटली घ्या. एका खळग्यात एकाच बाजूचा माल. घरात आधी विचारून घ्या, नंतर त्या ताटलीत इडली होणार नाही.

जोर लावण्याआधी

नट उरलाय आणि कुठल्याच आट्यावर चढत नाही? पाना लावून रेटू नका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते आवळायचं तर घड्याळाच्या उलट दिशेला. क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, उजव्या बाजूचा कपही बहुतेक सायकलींत उलट्या आट्यांचा असतो. आधी हाताने दोन-तीन फेरे सहज फिरले तरच पाना लावा.

पायडलचा दांडा एक्सलवर पक्का धरणाऱ्या कॉटर पिनचा वायसर राहिला तर पिन पूर्ण ओढली जायच्या आधीच नट तिच्या खांद्यावर टेकतो आणि पायडलच्या प्रत्येक फेरीला "टक्" ऐकू येतं. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत.

माशाच्या आकाराची छोटी पट्टी उरली असेल तर थांबाच. ती चेनच्या लॉकची. तिच्याशिवाय चेन कधीही उघडेल. बसवताना बंद टोक चेन जाते त्या दिशेला, उघडं टोक मागे.

एवढं करूनही पत्ता लागला नाही, तर दुकानात नुसता भाग घेऊन जाऊ नका. सोबत चाक किंवा आख्खी सायकलच न्या. काळ्या सायकलीचं बरं असतं, मापं इतकी ठरलेली आहेत की लुधियानात बनलेला आजचा माल जुन्या सायकलीला बहुतेक वेळा बसतो. वरळीच्या हिंद सायकल्सचा कारखाना केव्हाच बंद झाला, तरी एखादी जुनी हिंद अजून चालते ती म्हणूनच.

आणि तो अपवाद

जुन्या सायकलीत कारखान्याने न घातलेलेही भाग असतात. मागच्या कुणीतरी जमवलेलं जुगाड. ओळख सोपी: गंज वेगळा, कापलेली कड ओबडधोबड, आणि त्याची जोडी कुठेच नाही.

बाबांच्या सायकलीतून वायसरासोबत पत्र्याचा एक वळवलेला तुकडाही निघाला होता. त्यावर तेलाच्या डब्यावरची अर्धी अक्षरं होती, म्हणून तो मी सरळ कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाईतो सीट चार बोटं खाली उतरली. सीटचा दांडा फ्रेमच्या नळीत सैल होता आणि तो पत्रा बाबांनी मधे गुंडाळून घातलेला होता. मग खोबरेल तेलाचा एक रिकामा डबा शोधला आणि कात्रीने तसाच तुकडा कापला.