इंग्लंडच्या खेड्यांतले जुने वाडे पाहायला निघताना

बागेची वेळ आणि वाड्याची वेळ निराळी असते, एवढे मनावर ठसवा. बाग सकाळीच उघडते, वाड्याचे दार बहुधा अकराच्या सुमारास. दुपारचा शेवटचा प्रवेश दार बंद होण्याच्या बराच आधी थांबतो आणि हिवाळ्यात साफसफाई व डागडुजीसाठी कित्येक वाडे बंदच असतात. सांगलीहून आलेल्या आईला घेऊन मी नोव्हेंबरातल्या एका रविवारी रेल्वेने आणि पुढे टॅक्सीने गेलो, तेव्हा बाग उघडी होती आणि वाड्याला कुलूप होते. साडेचारला अंधार पडला, रविवारी बस नव्हती, फोनला रेंज नव्हती. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी असलेल्या, पदपथ नसलेल्या रस्त्याने आम्ही पाऊण तास चाललो. आईच्या पायात मोजे आणि चपला, साडीचा काठ चिखलाने जड झालेला, आणि मागून गाडी आली की आम्ही दोघे काट्यांना टेकून उभे राहायचो. तेव्हा त्या दिवशीची वाड्याची वेळ आदल्या रात्री पाहा, परतीची टॅक्सी जातानाच ठरवा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. खेड्यातला एकच पोस्टकोड बऱ्याच मोठ्या परिसराला असतो, म्हणून गाडीने जाणाऱ्यांनी शेवटच्या टप्प्यात प्रेक्षणीय स्थळांची वाट दाखवणाऱ्या तपकिरी पाट्यांवरच विश्वास ठेवावा.

१८९५ साली स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या जुने वाडे आणि वास्तू सांभाळणाऱ्या दोन वेगळ्या संस्था आहेत. एकीचे सभासद-कार्ड दुसरीकडे चालत नाही, आणि ब्लेनम किंवा चॅट्सवर्थ या वाड्यांची तिकिटे आणखी वेगळी. वर्षातून चार-पाच वेळा कुटुंबासह जाणार असाल, तर सभासद व्हा. सप्टेंबरात हेरिटेज ओपन डेज या उपक्रमात अनेक जागा विनामूल्य पाहता येतात.

खुर्चीवर पाइनचे वाळके फळ किंवा काटेरी बोंड ठेवलेले दिसले, तर तिथे बसायचे नाही, असा त्याचा अर्थ. पडदे ओढलेले असतात, कारण उजेडाने रेशीम विरते.

आपली बरीच मंडळी कारंज्यासमोर फोटो काढतात, हिरवळीवर डबा उघडतात आणि वाड्यात न शिरताच बिस्टरच्या सवलतीच्या दुकानांकडे निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. बहुतेक दालनांत एखादे वयस्क स्वयंसेवक उभे असतात. इंग्रज माणूस आपणहून बोलत नाही, पण त्याला छतावरच्या नक्षीबद्दल एक प्रश्न विचारा, की तो वीस मिनिटे आपुलकीने सांगत राहतो. आम्हा रेडिंगकरांना जवळ असलेले बॅसिल्डन पार्क पाहा. मुर्शिदाबादच्या नवाबाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेल्या फ्रान्सिस साइक्सने बंगालमध्ये कमावलेल्या संपत्तीच्या बळावर १७७१ मध्ये ही जमीन घेतली आणि १७७६ पासून वास्तुकार जॉन कारकडून हा वाडा बांधून घेतला. मुलांना तिथे नेताना हा पैसा कुठून आला, हे त्यांना दारातच सांगा आणि आत गेल्यावर स्वयंसेवकांनाही विचारा.

बागांपैकी विल्टशरमधले स्टाऊरहेड मला सर्वांत प्रिय आहे. हेन्री होअर या बँकमालकाने १७४० च्या दशकात तिची आखणी सुरू केली. तिथल्या तळ्याला घड्याळाच्या उलट दिशेने फेरी घाला. पाण्यापलीकडचे पँथिऑन नावाचे देऊळ झाडांआडून दिसते, लपते आणि मग समोर येते. या फेरीला दोन तास राखून ठेवा आणि पायात बूट घाला.