व्हीलचेअर टेनिस सुरू करायचंय? आधी मोजायची टेप घेऊन कोर्टावर जा

आपल्या एरियात व्हीलचेअर टेनिस सुरू करू म्हटलं की गाडी लगेच खुर्चीवर येऊन अडते, स्पोर्ट्सची खुर्ची महाग, ती कोण देणार, स्पॉन्सर कुठून आणायचा, आणि मग विषय तिथेच बारगळतो. मला विचाराल तर खुर्चीचं नंतर, आधी टॉयलेट बघा. क्लबवाले फोनवर "हो हो रॅम्प आहे" सांगतात पण तो किती चढाचा आहे हे कुणी सांगत नाही, म्हणून एक खुर्ची सोबत घ्या आणि पार्किंगपासून कोर्टापर्यंत स्वतः नेऊन बघा, गेटमधून जाते का, वाटेत पायरी किंवा गटाराची जाळी लागते का, टॉयलेटच्या दारातून आत जाते का आणि मुख्य म्हणजे आत गेल्यावर दार लावता येतं का. टॉयलेटची सोय नाही म्हटल्यावर लोक घरून पाणी न पिता येतात आणि उन्हात ते फार वाईट.

कोर्ट शक्यतो हार्ड घ्या. जुन्या जिमखान्यांत मातीची कोर्टं असतात, मातीवर खेळता येतंच, फ्रेंच ओपनमध्ये खेळतातच की, पण नवीन माणसाचे खांदे चाक ओढण्यातच संपतात. कमिटीला पटवताना हे नक्की सांगा की कोर्ट तेच, नेटची उंची तीच, वेगळ्या लाइनी मारायच्या नाहीत, रॅकेटही नेहमीचीच, मोठा फरक एवढाच की बॉल दोन टप्पे पडला तरी चालतो आणि दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी चालतो. फुटरेस्टच्या टोकांना रबर लावून न्या, कोर्ट खरवडेल ही त्यांची भीती तेवढ्याने जाते.

आता खेळाडू. रोज व्हीलचेअरवर असणारेच लागतात असं बिलकुल नाही, पोलिओमुळे कॅलिपर लावून चालणारे, एक पाय नसलेले, मणक्याला मार लागलेले, सगळ्यांना खेळता येतं. फिजिओथेरपीच्या ओपीडीत विचारा, जयपूर फूट बसवून देणाऱ्यांकडे विचारा. पुण्यात असाल तर खडकीला जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे खेळ चांगलाच रुजलेला आहे, परवानगी काढून एकदा जाऊन भेटा. ज्यांच्या हातातही ताकद कमी आहे त्यांना परत पाठवू नका, त्यांच्यासाठी क्वाड नावाचा वेगळा गट आहे, त्यात रॅकेट हाताला टेपने बांधून खेळतात.

मग खुर्ची. हा खेळ 1976 मध्ये अमेरिकेत ब्रॅड पार्क्सने सुरू केला, स्कीइंगमध्ये अपघात झालेला तरुण मुलगा होता तो, आणि आजच्यासारख्या तिरक्या चाकांच्या हलक्या खुर्च्या तेव्हा कुठे होत्या. सुरुवातीला रोजच्या खुर्चीवर भागतं, फक्त हात ठेवायचे दांडे निघत असतील तर काढा, कमरेला आणि पायांना रुंद पट्टा बांधा, मागे उलटू नये म्हणून छोटी चाकं बसवून घ्या, नसतील तर मागे एक माणूस उभा ठेवा. हवेचा पंप आणि जास्तीची ट्यूब पिशवीत असू द्या.

पहिल्या दिवशी रॅकेट हातात घेऊन नुसती खुर्ची चालवायला लावा. बघायला सोपं वाटतं पण रॅकेटची मूठ आणि चाकाची रिंग एकाच तळव्यात धरून ढकलायचं असतं, अंगठ्याच्या बुडाशी पहिले फोड येतात, म्हणून टेप आधीच लावा. जमिनीवर प्लास्टिकचे कोन (शंकू) ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायला लावा आणि एकच गोष्ट घोकून घ्या, बॉल मारला की थांबायचं नाही, चाक फिरतं ठेवायचं, कारण थांबलेली खुर्ची पुन्हा हलवण्यात पुढचा बॉल जातो. बॉल मुलांचे लाल किंवा नारिंगी आणा, ते हळू येतात.

उन्हाचं मात्र हलक्यात घेऊ नका. मणक्याच्या वरच्या भागाला मार लागलेला असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर आतून तापत जातं, त्यामुळे सकाळी लवकर किंवा संध्याकाळचीच वेळ घ्या, सावली, ओले टॉवेल आणि पाण्याचा स्प्रे ठेवा, कुणाचं डोकं अचानक ठणकायला लागलं तर खेळ थांबवून डॉक्टरांना लगेच फोन करा. संवेदना नसलेल्या जागी जखम होते ती कळतही नाही, म्हणून चांगली गादी हवी आणि अधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलायची आठवण करून द्या.

मदतीला येणाऱ्या पोरांना आधीच सांगा की न विचारता कुणाची खुर्ची ढकलायची नाही. बॉल उचलून झाले की त्यांनाही खेळायला घ्या, डबल्समध्ये एक खुर्चीवरचा आणि एक उभा असं चालतं, उभ्याला एक टप्पा, खुर्चीवाल्याला दोन, त्यामुळे खुर्च्या दोनच असल्या तरी चौघं खेळतात आणि कोर्टाचं भाडंही चौघांत वाटलं जातं.