पेट्रोल जास्त की हवा? मोटारीच्या इंधन-मिश्रणातील दोष कसा शोधावा

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण ‘रिच’ आणि जास्त झाली तर ‘लीन’ असे गॅरेजमध्ये म्हणतात; येथेही तेच शब्द वापरले आहेत. पंपांवर आता मिळणाऱ्या, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास हवा पुरते, तर सीएनजीला १७ ग्रॅमहून अधिक लागते. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे प्रमाण कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून आणि इंजिनाचा आवाज कानाने ऐकून लावले जाई. आजच्या गाडीत फिरवण्यासारखा स्क्रू नाही. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, सेकंदाला अनेकदा मिश्रण तपासतो, स्वतःच दुरुस्त करतो आणि किती दुरुस्ती करावी लागली याची नोंद ठेवतो. ती नोंद वाचता आली की निम्मे निदान झाले असे समजावे. ती न वाचता ‘ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या नळीत बसून ईसीयूला मिश्रणाची खबर देणारा) गेला असेल’ म्हणून तो बदलणे हा मुंबईतील गाडीमालकांचा सर्वांत वायफळ खर्च आहे, असे माझे मत आहे.

स्कॅनर, म्हणजे ईसीयूची नोंद वाचणारे यंत्र, लावण्याआधी डोळे आणि नाक वापरावे. रिच मिश्रणात सायलेन्सरमधून काळसर धूर येतो, त्याच्या टोकाला बोट लावले तर मऊ, कोरडी काजळी लागते, ॲव्हरेज घसरते आणि दोष जुना असेल तर इंजिन ऑइलच्या पट्टीलाही पेट्रोलचा वास येतो. लीन मिश्रणात गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, पिकअप घेताना अडखळते आणि चढणीवर दम टाकते. सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकणे हा दोष नव्हे. ज्वलनातून पाणी तयार होतच असते.

इंजिन गार असताना स्पार्क प्लग काढून क्रमाने कागदावर मांडावेत आणि प्रत्येकापुढे सिलिंडरचा क्रमांक लिहावा. फिकट तपकिरी रंग ठीक, कोरडा काळा म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, आणि ओला, तेलकट काळा म्हणजे मिश्रणाशी संबंध नसलेली, पिस्टन रिंगची किंवा वॉल्व्ह सीलची तक्रार. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सर्व सिलिंडरांना सामाईक अशा एखाद्या गोष्टीत असतो. तीन स्वच्छ आणि एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल तपासावी. एवढ्या एका निरीक्षणाने पुष्कळ धावपळ वाचते.

आता नोंद वाचण्याकडे वळू. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे निदान-सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा छोटा रीडर लावून मोबाइलवर आकडे पाहता येतात. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत ही सोय आहे. दोष आढळला की ईसीयू त्याचा क्रमांक, म्हणजे कोड, नोंदवतो; पी ०१७१ हा कोड लीन आणि पी ०१७२ हा रिच मिश्रणाचा असतो. कोड दिसताच तो पुसण्याचा मोह आवरावा आणि बॅटरीचे टर्मिनल तर मुळीच काढू नये, कारण त्यामुळे ईसीयूने जमवलेली सगळी नोंद पुसली जाते आणि आपल्या हाती कोरी पाटी उरते. कोडसोबत साठवलेले त्या क्षणाचे आकडे, म्हणजे वेग, तापमान आणि लोड (इंजिनावरचा भार), आधी लिहून घ्यावेत.

खरा उपयोग होतो तो ‘फ्युएल ट्रिम’ या दोन आकड्यांचा. शॉर्ट टर्म ट्रिम ही या क्षणाची दुरुस्ती असते आणि लाँग टर्म ट्रिम ही सवयीची झालेली दुरुस्ती. दोघांची बेरीज करावी. बेरीज धन असेल तर ईसीयू जादा इंधन घालतो आहे, म्हणजे त्याला मिश्रण लीन दिसते आहे. ऋण असेल तर उलट. शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. कोड साधारणतः २० ते २५ टक्क्यांच्या पुढे उमटतो. १० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या गाडीत २० टक्क्यांचे पेट्रोल भरले तर केवळ त्यामुळे सुमारे चार टक्क्यांची धन दुरुस्ती दिसू शकते. तिला आजार समजू नये.

इंजिन पूर्ण तापल्यावर, एसी बंद ठेवून, हे आकडे दोन वेळा घ्यावेत: एकदा आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आणि एकदा रेस मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर अर्धा मिनिट स्थिर धरून. ही चाचणी मोकळ्या जागेतच करावी. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. आयडलला ट्रिम अधिक २० (+२०) आणि रेस वाढवताच अधिक ५ (+५) झाली, तर कुठून तरी चोरून हवा शिरते आहे, कारण गळतीची तेवढीच हवा आयडलला मोठा वाटा असते आणि जास्त फेऱ्यांवर नगण्य ठरते. आयडलला ठीक, पण रेस आणि लोड वाढला की ट्रिम वाढत जाते, तर इंधनच पुरेसे पोहोचत नाही, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळल्यामुळे हवा कमी मोजतो आहे. दोन्हीकडे सारखाच मोठा आकडा असेल तर इंधनाचा दाब आणि सेन्सर यांच्याकडे वळावे. लोडची चाचणी शहरातल्या गर्दीत जमत नाही. पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर किंवा एखाद्या लांब चढणीवर गाडी न्यावी आणि मोबाइलकडे पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे.

हवेची गळती शोधताना आपली गाडी हवा कशी मोजते हे आधी पाहावे. एअर फिल्टर आणि थ्रॉटल (हवेची झडप) यांच्यामध्ये हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असेल, तर त्याच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि ट्रिम वर चढते. त्याऐवजी मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा सेन्सर असेल, तर गळतीमुळे दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात इंधनही देतो, आणि तक्रार ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलच्या रूपाने समोर येते. अशा गाडीत सातशे-आठशेऐवजी अकराशे-बाराशे फेऱ्या दिसल्या, तर केवळ ट्रिम चांगली आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

संशयित जागा ठरलेल्या आहेत: ब्रेक बूस्टरचा होस, क्रँककेसमधली वाफ परत नेणारा पीसीव्ही होस, इंटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि इंजेक्टरच्या तळाचे रबरी रिंग. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर न हललेल्या गाडीत मऊ रबराच्या नळ्यांवर उंदरांच्या दातांच्या खुणा हमखास पाहाव्यात. होस एकेक करून, फडके गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबावा. ज्याला दाबताच आयडल बदलते आणि ट्रिम खाली येते, त्या वाटेवर गळती आहे. सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारला तरी भोक क्षणभर बुजते आणि ‘स्स्’ असा आवाज थांबतो. काही ठिकाणी यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ तो पेट घेऊ शकतो, म्हणून मी तो वापरत नाही. स्मोक मशीन असलेले गॅरेज जवळ असेल तर धुराची चाचणी सर्वांत खात्रीची.

एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तो वरच्या सगळ्या नियमांना चकवा देतो. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीत लीनचा कोड आला, आयडलची ट्रिम अधिक २२ होती आणि रेस वाढवल्यावर ती उतरत होती. लक्षणे हवेच्या गळतीची. पण सगळे होस तपासूनही काही सापडेना. एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि चार दिवसांत कोड परत आला. शेवटी प्लग काढले, तर चारही काळे. लीन म्हणवणाऱ्या इंजिनाचे प्लग काळे कसे? ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो फक्त सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन मोजतो, हे तेव्हा नीट ध्यानात आले. सकाळी गार इंजिन सुरू करून बॉनेटखाली कान दिला, तर ‘चिट्-चिट्-चिट्’ असा आवाज येत होता आणि पाच मिनिटांनी, धातू तापून फुगल्यावर, तो थांबत होता. खड्ड्यांनी हिसके बसून सेन्सरच्या अलीकडच्या फ्लँजचे (नळीच्या जोडाचे) पॅकिंग फुटले होते. दोन ठोक्यांच्या मध्ये तेथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सर तिला लीन समजत होता आणि ईसीयू बिचारा नसलेल्या दोषासाठी पेट्रोल ओतत होता. मिसिंग असलेल्या, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटणाऱ्या, इंजिनातही असाच चकवा होतो, कारण न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून कोड लीन आणि प्लग काळे अशी जोडी दिसली की आधी सायलेन्सरची नळी आणि इग्निशन पाहावे.

रिच मिश्रणाचा शोध सकाळी सुरू करावा. रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू न करता, इग्निशन चालू करून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. दोन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणजे मुंबईत सव्वीस-तीस अंशांच्या घरात, असायला हवेत. हवा २८ आणि कूलंट १० अंश दाखवत असेल, तर इंजिनाला थंडी वाजते आहे असे समजून ईसीयू जादा इंधन देत राहणार. उणे ४० दिसले तर सेन्सरची वायर तुटली आहे. सेन्सर ठीक असूनही अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर कूलंट ६५ अंशांच्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला आहे किंवा कोणी तरी तो काढूनच टाकला आहे. ‘मुंबईच्या उकाड्यात त्याची गरज काय’ हा युक्तिवाद अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात त्यामुळे इंजिन कायम अर्धवट गार राहते आणि पेट्रोल पिते.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास होत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज वॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी; त्याचा होस दाबून धरताच ऋण ट्रिम शून्याकडे सरकते. गळका इंजेक्टर ओळखण्यासाठी इंजिन बंद केल्यावर इंधनाचा दाब किती वेळ टिकतो हे गेजवर पाहावे. बहुतेक गाड्यांत हा दाब तीन ते चार बारच्या दरम्यान असतो, तरी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा मानावा. लाइन उघडण्यापूर्वी दाब सोडून देणे आणि बॅटरी वेगळी करणे हे काम माहीतगारावर सोपवलेले बरे. हाती आलेल्या नोंदी त्याआधीच उतरवून घ्याव्यात. मळलेला एअर फिल्टर मात्र आजच्या गाडीत सहसा मिश्रण रिच करत नाही, फक्त ताकद कमी करतो.

सीएनजीवाल्यांना एक चाचणी फुकट उपलब्ध आहे आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे जण ती करतात. इंजिन तापलेले असताना पेट्रोलवर ट्रिम लिहावी, मग बटण दाबून सीएनजीवर जावे, आकडे स्थिरावू द्यावेत आणि पुन्हा लिहावे. दोन्हींवर सारखाच दोष दिसला तर तो हवेच्या बाजूला किंवा सेन्सरमध्ये आहे, कारण तेवढ्याच गोष्टी दोन्ही इंधनांना सामाईक आहेत. फक्त पेट्रोलवर लीन असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. फक्त सीएनजीवर असेल तर गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर किंवा गॅस इंजेक्टर. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये एका इंधनाची शिकवण दुसऱ्यावर चढते, म्हणून तेथे प्रत्येक इंधनावर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनच आकडा घ्यावा. टाकीत महिनोन्महिने दोन लिटर पेट्रोल ठेवून गॅसवरच फिरण्याची सवय असेल, तर पेट्रोलच्या पंपावर पहिला संशय घ्यावा; टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो.

पीयूसीचा कागद खिशात घालण्यापूर्वी वाचावा. बीएस-४ (धुराचे भारतीय मानक) आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांसाठी आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची, २०० पीपीएम (दशलक्षात २०० भाग) आहे. दोन्ही वाढलेले असतील तर मिश्रण रिच. हायड्रोकार्बन एकटेच वाढले असेल तर मिसिंग, मग ते प्लगमुळे असो वा अति लीन मिश्रणामुळे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरेच काही झाकून टाकतो, म्हणून कागदावरचे चांगले आकडे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हेत. वाईट आकडे मात्र गंभीरपणे घ्यावेत.

एवढे सगळे झाल्यावरच ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवावे. जुन्या, साध्या प्रकारच्या सेन्सरचा व्होल्टेज तापलेल्या इंजिनात ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान सतत झोके घेतो. थ्रॉटल झटकन उघडल्यावर तो ०.९ कडे गेला आणि सोडल्यावर ०.१ कडे आला, तर सेन्सर जिवंत आहे आणि तो जे सांगतो ते ऐकावे. एकाच आकड्यावर गोठून बसला किंवा फार सावकाश हलत असेल, तरच नवा घ्यावा.

दुरुस्तीनंतर कोड पुसावा, ट्रिम शून्यावर आणावी आणि गाडी शहरात व मोकळ्या रस्त्यावर मिळून चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा तेच दोन आकडे, आयडलला आणि २,५०० फेऱ्यांवर, घ्यावेत. आमच्या गाडीत नवे पॅकिंग बसल्यावर आयडलची ट्रिम अधिक २२ वरून अधिक ३ वर आली. काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर पुन्हा बसवून पाहिला, तर आकडा तोच राहिला.