निवडणुकीत नेत्यांच्या विकिपीडिया पानांवर पहारा देताय? या चुका टाळा

आचारसंहिता लागली की विकिपीडियावर नेत्यांच्या पानांचा ‘इतिहास’, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, भराभर लांबत जातो. कुणी शिवी घालतं, कुणी ‘कार्यसम्राट’ चिकटवतं. हे काढायला बसलेले स्वयंसेवक बिनपैशांचे असतात, नोकरी-घर सांभाळून रात्री जागतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण घाईत त्यांच्याच हातून नुकसानही होतं. माझ्याही हातून झालंय.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फक्त शेवटचं संपादन उलटवणं, म्हणजे तेवढाच बदल रद्द करणं. गेल्या विधानसभेला एका आमदारांच्या पानावर शिवी दिसली, मी ‘उलटवा’ दाबलं आणि झोपायला गेलो. शिवीच्या चार मिनिटं आधी दुसऱ्याच खात्यावरून मताधिक्याचा आकडा बदलला होता: १२,३४७ चे २१,३४७. पहिले दोन अंक फिरवलेले, शेजारचा संदर्भ तसाच. माझ्या संपादनानंतर तो चुकीचा आकडा पानावर राहिला, आणि इतिहासात सगळ्यात वरचं नाव माझं. दोन दिवसांनी दुसऱ्या सदस्याने दाखवून दिलं. शिवी वाचकाला लगेच कळते, फिरवलेला आकडा कळत नाही. म्हणून इतिहासात मागे जाऊन शेवटची भरवशाची आवृत्ती शोधा, तिची आजच्या आवृत्तीशी तुलना करा. आकडे, तारखा आणि पक्षाचं नाव आधी तपासा.

पक्षाच्या नावावरून तर रोज भांडण. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हापासून जुन्या कारकिर्दीतही आजचं पक्षनाव घुसवलं जातं. २०१९ ला जो ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आला, त्या ओळीत तोच पक्ष राहिला पाहिजे.

पद बदलायची घाई नको. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी वर्तमानपत्रांत उद्धव ठाकरे यांचं नाव होतं आणि राजभवनात शपथ देवेंद्र फडणवीस यांनी घेतली. ठाकरे यांचा शपथविधी २८ तारखेला झाला. बातमीत नाव आलं म्हणून ‘मुख्यमंत्री’ लिहू नका, शपथ होऊ द्या.

उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात खटल्यांची यादी असते. तिच्यावरून ‘गुन्हेगार’ लिहिणं चूक. गुन्हा दाखल होणं आणि दोषी ठरणं यांत फार अंतर आहे. उलट बाजूने, नेत्याची स्तुती करणारी प्रत्येक बातमी संदर्भ म्हणून चालत नाही. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजची चौकशी प्रेस कौन्सिलला करावी लागली होती, हे विसरू नका.

कुणी नेत्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा फोन नंबर टाकला, तर नुसतं उलटवून भागत नाही. जुनी आवृत्ती इतिहासात कुणालाही उघडता येते. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर बोभाटा केलात तर आणखी लोक बघायला जातात. प्रचालकांना (जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) खासगीत कळवा आणि ती आवृत्ती लपवून घ्या.

समोरचा पुन्हा पुन्हा तेच लिहीत असेल, तर तुम्हीही पुन्हा पुन्हा उलटवत बसू नका. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर बंदी येऊ शकते. उघड उत्पात, म्हणजे पानाची मुद्दाम केलेली नासधूस, उलटवायला सूट आहे, पण न पटणारा मजकूर म्हणजे उत्पात नव्हे. चर्चा पानावर लिहा, दुसऱ्या जाणत्या सदस्याला बोलवा. स्वतः एखाद्या पक्षाचं काम करत असाल, तर त्या पक्षाच्या आणि त्याच्या विरोधकाच्याही पानाला हात लावू नका. चर्चा पानावर सुचवा. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तर तसं जाहीर करणं २०१४ पासून बंधनकारक आहे.

आणि पान अर्धसुरक्षित (नव्या आणि खातं नसलेल्या लोकांना संपादनासाठी बंद) करून मागताना मुदत निकालाच्या दिवसापर्यंतच मागू नका. २०२४ ला निकाल २३ नोव्हेंबरला लागला, शपथ ५ डिसेंबरला झाली, मंत्रिमंडळाचा विस्तार १५ ला आणि खातेवाटप २१ ला. प्रचार संपला तरी पदाच्या ओळीवरची ओढाताण तोवर चालूच होती.