दागिन्यांच्या कारखान्यासाठी तिजोरी घेताय? या चुका टाळा

तिजोरी घ्यायला गेलं की आपण काय करतो, दार दोनदा उघडून-लावून बघतो, हँडल फिरवतो, हाताला जड लागलं की म्हणतो मस्त आहे, पाठवून द्या. मी पण पहिली तिजोरी अशीच घेतली होती आणि वर "फायरप्रूफ" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बघून अजूनच निर्धास्त झालो होतो. विकणाऱ्याने सांगितलं आगीलाही चालते आणि चोरालाही, आणि मी ते खरं धरलं. दागिन्यांच्या छोट्या कारखान्यात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच नीट सांगतो.

आगीसाठीची तिजोरी म्हणजे बहुतेक वेळा दोन पातळ पत्रे आणि मधे जिप्सम किंवा हलक्या काँक्रीटसारखा मसाला. आग लागली की त्या मसाल्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि आतला कागद वाचतो. काम चोख आहे, पण ते कागदासाठी. यूएल या अमेरिकेतल्या टेस्ट करणाऱ्या संस्थेच्या क्लास ३५० रेटिंगमध्ये आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या आत राहिलं पाहिजे एवढीच अट असते, म्हणजे बिलं आणि रजिस्टर वाचतील, पण दागिने ओतायला केलेले मेणाचे मॉडेल वितळून जाणार, मोती आणि ओपलचीही काही गॅरंटी नाही. आणि चोराने पहार किंवा ग्राइंडर लावला तर पातळ पत्रा काय टिकणार! वरून मसाल्यातली ओल हळूहळू आत येत राहते. माझ्याकडे काही महिन्यांत चांदीचे डाग, म्हणजे दागिने, काळवंडायला लागले आणि खालच्या खणात ठेवलेल्या स्टीलच्या ठशांवर गंज आला, कडेकडेने बारीक तांबूस ठिपके. तेव्हा कुठे लक्षात आलं की चोरीसाठीची तिजोरी वेगळी बघायची असते. तुमच्याकडे आधीच अशी तिजोरी असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या वेळच्या वेळी बदला, चांदी हवाबंद पिशवीत ठेवा आणि सोनं, खडे दुसऱ्या तिजोरीत हलवा.

मग चोरीसाठीची ओळखायची कशी, तर दाराच्या आतल्या बाजूला रेटिंगची पट्टी बघा. टीएल-१५ हे यूएलचंच चोरीसाठीचं रेटिंग, म्हणजे टेस्ट करणाऱ्या माणसांनी हत्यारं घेऊन हल्ला केला तेव्हा १५ मिनिटं दाद दिली नाही, आणि ही १५ मिनिटं म्हणजे हत्यार प्रत्यक्ष चालू असतानाचीच धरतात, मधे दम खाल्लेला वेळ मोजत नाहीत. टीएल-३० तशीच ३० मिनिटांची. पण ही टेस्ट दाराची आणि पुढच्या बाजूची असते हे बरेच जण विसरतात, सहाही बाजूंनी टेस्ट झाली असेल तर पुढे "एक्स ६" लिहिलेलं असतं. मागची भिंत शेजारच्या रिकाम्या गाळ्याला लागून असेल तर हा फरक फार मोठा आहे. युरोपियन ईएन ११४३-१ या मानकात ग्रेड ० पासून वर चढत जातात. पट्टीच नसेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि पैसे द्यायच्या आधी विमावाल्याला विचारून घ्या की कोणत्या ग्रेडवर किती मालाचं कव्हर देता, कारण नंतर विचारलं तर उशीर झालेला असतो.

वजनावर विसंबून बोल्ट न मारणं ही पण चूकच. २००-३०० किलोची तिजोरी दोघं-तिघं ट्रॉलीवर घालून नेऊ शकतात आणि मग फोडायला त्यांना रात्रभर वेळ. तळातून काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट मारून घ्या, फरशीला नाही. डाख (सोल्डर) दिल्यावर डाग ज्या ॲसिडमध्ये टाकतो त्या भांड्याजवळ आणि गॅसच्या सिलेंडरजवळ तिजोरी नकोच.

साइज बाहेरून मोजू नका, भिंती जाड असल्यामुळे आतली जागा बरीच कमी निघते. रात्री आत जाणारं सगळं एकदा टेबलावर मांडून बघा, अर्धवट डाग, खड्यांच्या पुड्या, गिऱ्हाइकाचे दुरुस्तीला आलेले दागिने, कानशीचा चुरा सुद्धा. जागा पुरली नाही की चुऱ्याचा डबा बेंचवर राहतो, आणि तेही सोनंच आहे हो!

दिवसभर दार उघडं ठेवायची सवय तर आधी मोडा. रोजच्या कामापुरता माल बाहेर काढा आणि कुलूप लावून टाका, आणि टाइम डिलेचं कुलूप मिळत असेल तर जरूर घ्या, धाक दाखवून कोणी दार उघडायला लावलं तरी ते लगेच उघडत नाही. चावी बेंचच्या खणात ठेवू नका, चोर पहिलं तिथेच हात घालतो.

आता कोडचं, बॅटरीवर चालणारं कुलूप अडलं तर. कोड बरोबर आहे, बीप येतोय, पण हँडल फिरत नाही, तर बऱ्याचदा आतला ट्रे दाराला टेकून बोल्टवर दाब येत असतो. दार गुडघ्याने आत दाबून धरा आणि परत कोड टाका. बीप मंद येत असेल तर बॅटरी बदला, नवी आणि चांगल्या कंपनीची. चुकीचे कोड मारत बसू नका, कुलूप काही मिनिटं बंद पडतं. आत तेलाचा स्प्रे मारू नका, त्यात धूळ चिकटून अजून अडतं. कंपनीचा कोड पहिल्याच दिवशी बदला, आणि बदलल्यावर दार उघडं ठेवूनच तीनदा चालवून बघा, मगच लावा.