व्हिएतनामची भातखाचरं बघायला निघालात? आम्ही केलेल्या या चुका टाळा

व्हिएतनामचं तिकीट हल्ली लोक गोव्याला निघाल्यासारखं काढतात आणि मग विचारतात की ते सोनेरी पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर उत्तरेतल्या सापा नावाच्या शहराजवळ ना? सापालाही आहेत, पण ती गोल गोल टेकडी, जिच्या अंगावर खाचरं वेटोळं घालून बसल्यासारखी दिसतात, ती मू कांग चाय नावाच्या डोंगराळ भागातल्या ला पान तान गावची. सापापासून गाडीने निदान चार-पाच तास लांब.

पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे तारीख. आम्ही दसऱ्याची सुट्टी जोडून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, कारण एजंट म्हणाला ऑक्टोबर बेस्ट सीझन. हनोईसाठी बेस्टच आहे हो, पण वर पोचलो तर कापणी उरकलेली, नुसती धसकटं आणि त्यात म्हशी चरतायत. बायको म्हणाली, हे बघायला तर भोर पण चाललं असतं.

मुद्दा असा की तिथे वर्षाला एकच पीक येतं. खाचरांना पाणी पावसाचं आणि वरच्या डोंगरातल्या झऱ्यांचं, हिवाळ्यात थंडी एवढी की दुसरं भात घेताच येत नाही. म्हणजे मेच्या शेवटापासून जूनमध्ये पाणी सोडून चिखलणी आणि लावणी, तेव्हा खाचरं आरशासारखी चमकतात, मग जुलै-ऑगस्ट हिरवंगार, आणि मू कांग चायला साधारण मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरचे पहिले काही दिवस पिवळं. सापाला पीक आधी तयार होतं, ऑगस्ट अखेर ते मध्य सप्टेंबर. होआंग सू फी म्हणून तिसरं खाचरांचं ठिकाण आहे, तिथे सप्टेंबर अखेरीस. त्यामुळे सापाला पोचलात आणि शेतं कापलेली दिसली तर रडत बसू नका, सरळ मू कांग चायची गाडी पकडा. आणि होमस्टेवाल्याला जायच्या आठ दिवस आधी आजचा फोटो मागा, गेल्या वर्षीचा नाही.

सप्टेंबर म्हणजे पावसाचं शेपूट असतं हे पण विसरू नका. 2024 च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळ आलं तेव्हा लाओ काय प्रांतातलं लांग नू गाव दरडीखाली गेलं, कितीतरी माणसं गेली. त्यामुळे रस्ता बंद असेल तर ड्रायव्हरला "चलो चलो" करू नका, एक दिवस जादा धरूनच प्लॅन करा. नुसतं धुकं असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही, सापा शहर ढगात असतं तेव्हा खाली मुओंग होआ खोऱ्यात बऱ्याचदा लख्ख दिसतं, चहा घ्या आणि उतरा.

नावांचा घोळ वेगळाच. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामने 63 प्रांतांचे 34 केले आणि जिल्हे रद्दच करून टाकले. येन बाय प्रांत लाओ कायमध्ये गेला आणि नव्या लाओ कायचा कारभार येन बायमधून चालतो, आणि होआंग सू फी ज्यात येतं तो 'हा जियांग' प्रांत गेला तुयेन क्वांगमध्ये. मग होतं काय, मॅपवर मू कांग चाय "लाओ काय" दिसतं आणि माणूस रात्रीची लाओ कायची ट्रेन बुक करून बसतो. ती ट्रेन सापासाठी. मू कांग चायला हनोईच्या 'मी दिन्ह' नावाच्या स्टँडवरून स्लीपर बस, साधारण 300 किलोमीटर, आणि शेवटी खाऊ फा घाट, उलटीची गोळी आधीच घ्या.

बाईक. इथे आपली पोरं हमखास फसतात. आपल्या आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल परमिट 1949 च्या रस्ते वाहतूक करारावरचं असतं, व्हिएतनाम 1968 चा करार मानतं, म्हणजे ते तिथे चालत नाही. भाड्याने देणारा काही विचारत नाही, त्याला पैशाशी मतलब. पण पडलात तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न लायसन्सचा विचारणार. ड्रायव्हरच्या मागे बसा ना, घाट बघायला तरी मिळतो. ला पान तानच्या टेकडीवर तर तसंही गावातली ह्मोंग समाजाची पोरंच बाईकवर नेतात, आणि त्या अरुंद चिखलाच्या वाटेवर ती ज्या स्पीडने जातात ते पाहून मी आपला डोळे मिटून घेतले.

आता बांध. माझं आजोळ मावळातलं, तरी मी तिथे येड्यासारखा रील काढायला बांधावर उभा राहिलो आणि कड ढासळली. एक वितीची खिंड पडली असेल, पण वरच्या खाचरातलं पाणी भसाभसा खालच्यात. शेजारी भात झोडत होत्या त्या आजी (पेंढ्या लाकडी खोक्याच्या आतल्या बाजूवर आपटत होत्या, आपल्याकडे झोडतात तशाच) काही न बोलता उठल्या, दोन्ही हातांनी चिखल थापला, टाचेने दाबला आणि परत कामाला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं. वाट असेल तिथूनच चाला, आणि चुकून बांध फुटलाच तर पळू नका, लगेच कुणाला तरी दाखवा.

भाषेचं एक. ट्रान्सलेट अॅपवर व्हिएतनामी लावून वयस्कर ह्मोंग बायकांपुढे धरलं तर त्या नुसत्या हसतात, कारण त्यांची बोली वेगळी, व्हिएतनामी बऱ्याच जणींना जेमतेमच येतं. 'तू ले' गावाच्या आसपास थाय समाजाचे लोक, सापाजवळच्या ताफीन गावात लाल दाव समाजाचे. देशात सरकारी हिशेबाने 54 समाज आहेत, सगळ्यांना एकाच नावाने हाक मारू नका. लहान मुलं धागे-पर्स विकायला मागे लागतात, त्यांच्याकडून घेऊ नका, धंदा झाला की शाळा कायमची सुटते. मोठ्या बाईकडून घ्या.

व्हेज लोकांनो, भाजी हिरवी दिसली म्हणून व्हेज नसते. डुकराच्या चरबीत परततात आणि वर माशाचं पाणी. "आन चाय" म्हणजे शाकाहारी, पण चाय चुकीच्या सुरात म्हटलं तर त्याचा अर्थ पळणे नाहीतर जळणे होतो, म्हणून लिहूनच दाखवा आणि चरबी, फिश सॉस नको हे वेगळं लिहा. तू लेला मात्र कोम चुकवू नका, कोवळा चिकट भात भाजून पायाने दाबायच्या उखळात कांडलेले हिरवे पोहेच ते, मला तर फोडणी आणि शेंगदाणेच आठवले.

पैसे रोख ठेवा, पुढे एटीएम विरळ. आणि 20 हजार आणि 5 लाख डाँगची नोट, दोन्ही निळ्या! मी अंधारात चहाचे 5 लाख काढले होते, टपरीवालीनेच हात धरून परत दिले.

शेवटचं, निळीच्या कपड्यांचं. ह्मोंग बायकांची बोटं निळी-काळी दिसतात ती नीळ असते, घाण नाही. त्यांनी रंगवलेलं जॅकेट घेतलंत तर थेट अंगात घालून पांढरा शर्ट वाया घालवू नका, तो मी घालवलाय. गार पाण्यात वेगळं धुवा, पाणी निळं यायचं थांबेपर्यंत, माझ्याकडे सहाव्या धुण्यालाही येतंय.