पदवीची पार्टी ठेवताय? या चुका टाळा

लग्नसराई ओसरली की आम्हा मंडप-साउंडवाल्यांना निकालाच्या पार्ट्यांचे फोन सुरू होतात. मुळशी, पानशेत, कार्ल्याकडची फार्महाउस शनिवार-रविवारी मिळेनाशी होतात. पोरं चार वर्षं घासतात, इंजिनिअर होतात, त्यांनी आनंद करायलाच हवा. पण दरवर्षी त्याच चुका आणि आईवडिलांचे तेच उतरलेले चेहरे बघून जीव विटलाय, म्हणून हे लिहायला घेतलं.

जबाबदार माणूसच नसणं

"काका, आम्ही सगळे मिळून करतोय, कॉन्ट्री काढलीय." हे वाक्य ऐकलं की मी पहिला प्रश्न विचारतो, बुकिंग कोणाच्या नावावर आहे? कारण काही घडलं तर पोलीसही तेच विचारतात. जागा कोणी घेतली, दारू कोणी आणली, गाडी कोणाची. कॉन्ट्री किती जणांची होती, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

मुळशीच्या बाजूला एका पार्टीत मुलाच्या वडिलांनी सगळं हौसेनं केलं होतं. बुकिंग त्यांच्या नावावर, दारूचं बिल त्यांच्या कार्डावर. नऊच्या सुमारास "मुलांना मोकळं सोडू या" म्हणत ते घरी गेले. मागे उरली विशी-बाविशीतली पोरं आणि त्यांच्यात मिसळलेली कोणाकोणाची धाकटी भावंडं. साडेअकराच्या पुढे बर्फ संपला. एक पोरगा "पाच मिनिटांत आलो" म्हणून गाडी घेऊन निघाला. तो प्यायलेला होता हे सगळ्यांना दिसत होतं, पण किल्ली कोणी काढून घेतली नाही. पहिल्याच वळणावर मोरीचा कठडा तोडून गाडी भातखाचरात गेली. पोराचं गळ्याचं हाड मोडलं. शेजारी बसलेला वाचला, तो सतरा वर्षांचा होता आणि त्याच्याही तोंडाला बिअरचा वास होता. मग पोलिसांनी वडिलांना बोलावून घेतलं. मध्यरात्री ठाण्यातल्या बाकावर बसून ते एकच सांगत होते, "मी तर तिथे नव्हतोच." त्याचा त्यांना काहीही उपयोग झाला नाही.

अल्पवयीन मुलाला दारू देणं ही किरकोळ बाब नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडलं तेही बारावीच्या निकालाच्या पार्टीनंतरच. सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. मुलाच्या वडिलांना अटक झाली, त्याला दारू देणाऱ्या बारच्या लोकांनाही झाली. हे सगळं टीव्हीवर बघूनसुद्धा लोक मला विचारतात, "एक ग्लास बिअरनं काय होतंय?"

मुळशीच्या त्या रात्रीपासून माझी एक अट आहे. साउंड लावायच्या आधी दारातल्या टेबलावर स्टीलचा मोठा डबा ठेवतो, आमच्याकडे भजी न्यायला असतो तसला. आलेल्या प्रत्येकानं गाडीची किल्ली त्यात टाकायची. किल्लीला कागदी टेप, टेपवर नाव. डबा यजमानाच्या ताब्यात, आणि यजमान त्या रात्री थेंबही पिणार नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांचं काम मी घेत नाही. परतायला सकाळ उजाडेपर्यंत थांबा, नाहीतर ड्रायव्हरसकट टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा. पुण्यापर्यंतचं भाडं डोक्यामागे वाटलं तर एका पिझ्झाइतकंही पडत नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नोकरीचं ऑफर लेटर नुकतंच हातात पडलेल्या पोरानं हा धोका का घ्यावा?

वयाबद्दलचा गोड गैरसमज

"आम्ही मतदान करतो, मग प्यायला काय हरकत?" महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, हार्ड ड्रिंकसाठी २५. म्हणजे बावीस वर्षांच्या ताज्या इंजिनिअरला व्हिस्की कायद्यानं चालत नाही. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि कार्यक्रमात दारू ठेवायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. "फार्महाउसवर कोण बघतंय" हे घाईतल्या लोकांचं आवडतं वाक्य आहे. गावकऱ्यांना सगळं दिसतं, आणि तक्रार तेच करतात.

माझं मत विचाराल तर पदवीच्या पार्टीत दारू ठेवूच नये. मटण, मासवडी, आइस्क्रीम आणि चांगला साउंड एवढ्यावर रात्री रंगलेल्या मी पाहिल्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचेच फोटो लोक अभिमानानं घरच्यांना दाखवतात.

दहा वाजून गेल्यावरचं "एकच गाणं"

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. शेवटचं गाणं म्हणून सुरू झालेलं पावणेअकरापर्यंत चालतं, मग पोलिसांची गाडी येते आणि साउंडचा मिक्सर जप्त होतो. तो सोडवायला मला कोर्टाच्या चकरा, आणि पार्टीवाले तोवर बंगळुरूला रुजू झालेले! म्हणून पावणेदहाला आवाज उतरवतो, दहाला मेन स्विच माझ्या हातात. नाचायचं असेल तर सहालाच सुरू करा. कोणी आठला उगवतं आणि दहाला माझ्याशी हुज्जत घालतं, हे मला मान्य नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. लोकेशन इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाकू नका, अनोळखी टोळकी येऊन थडकतात. "फक्त गोव्यात विक्रीसाठी" छापलेल्या बाटल्या गाडीत भरून आणू नका, गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर त्याच शोधतात. कोणाकडे गांजा दिसला तर त्याला तिथल्या तिथे बाहेर काढा. माहीत असून जागा वापरू देणारा मालकही गुन्ह्यात येतो. बंद खोलीत कोल्ड पायरो (ठिणग्यांचं कारंजं उडवणारं यंत्र) लावू नका, कोणी कितीही सांगो. प्यायलेल्या माणसाला स्विमिंग पूलजवळ फिरकू देऊ नका, आणि पावसाळ्यात रात्रीच्या धबधब्याचा तर विषयच काढू नका.

"झोपला की उतरेल"

ही चूक जिवावर बेतते. खूप प्यालेल्या पोराला खोलीत उताणा निजवून सगळे नाचायला जातात. उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवा आणि एक शुद्धीतला माणूस सतत शेजारी बसवा. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी रक्तातली दारू कमी होत नाही. हाक मारून, हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर लगेच १०८ ला फोन. घरी कळेल, पोलीस येतील म्हणून वाट बघत बसू नका. काय प्यायलं, किती वाजता प्यायलं, हे डॉक्टरांना खरं सांगा. फार्महाउसचा नीट पत्ता आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर मी संध्याकाळीच कागदावर लिहून किल्ल्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवतो, कारण मुळशीच्या आतल्या भागात रेंज गेली की गुगल मॅप उघडत नाही.